बेदाण्याचा नमुना घेऊन चंडीगडला

तासगावचा बेदाणा कॅनडाला पाठवायचं स्वप्न माझं, पण त्याची वाट चंडीगडवरून जाईल असं वाटलं नव्हतं. हरप्रीतजींचं कॅनडात सुक्या मेव्याचं दुकान. हिवाळ्यात त्या चंडीगडला लागून असलेल्या पंचकुल्याच्या घरी येतात. "नमुना घेऊन या," असा त्यांचा निरोप आला. आई आणि मी तीन दुपारी अंगणात एकेक मणी पारखत बसलो. ही ऑर्डर हुकली असती, तर यंदाही सगळा माल बाजार समितीच्या सौद्यात मिळेल त्या भावानं गेला असता.

जानेवारीत जाणार असाल तर दुपारचं विमान घ्या. सकाळचं माझं विमान धुक्यानं तीन तास लटकवलं. झिरकपूरच्या कोंडीत आणखी एक तास गेला. मामेबहीण केतकी तिथेच राहते, मोहालीत आयटीत आहे. तिच्या सहा वर्षांच्या मिहिकानं थेट नमुन्याच्या पाकिटाला हात घातला.

"मावशी, ये खाऊँ?"

"नको!" मी जवळजवळ ओरडलेच. मग तिला विक्रीच्या पोत्यातून न निवडता भरून आणलेला साधा पुडा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुखना तलावावर गेलो. पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. पलीकडचा काठ दिसेना, म्हणून मी मनातल्या मनात तिथे कॅनडा मांडला. एका बाईनं माझ्या बेदाण्याचं खोकं उघडलं, तिच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होता. किती वेळ गेला कोण जाणे.

"चल यार, पराठे थंड होतील," केतकीनं हलवलं. लोण्याचा गोळा घातलेले दोन पराठे खाल्ले की दुपारच्या जेवणाचा खर्च वाचतो.

दुपारी केतकीला घेऊन पंचकुल्याला गेले. हरप्रीतजींनी चहाबरोबर बरंच शिकवलं. आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक आधी काढा. पाकिटावर मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत हवा. गंधकाची धुरी दिली असेल तर तेही त्यावर छापा. मग त्यांनी नमुना तळहातावर घेतला.

"बहुत सोहणा है जी. पूरा माल ऐसा ही आएगा?"

'पक्का' हा शब्द अगदी ओठावर आला होता. मला आईची वाकलेली मान आठवली. तीन दुपारी, दोघी, आणि निघाला जेमतेम किलोभर. मला लाज वाटली. केतकीच्या पर्समध्ये मिहिकाचा उरलेला पुडा होता, तो मी बशीत ओतला.

"जी, हर बार ये दे सकती हूँ."

त्यांनी चार दाणे खाल्ले. एक देठ काढून बशीच्या कडेला ठेवला. 

"ये डंडियाँ साफ करवाओ, बेटा. रंग चलेगा. पहले थोड़ा भेजो." निवडलेलं पाकीट त्यांनी माझ्या हातात परत दिलं. "और ये घर ले जाओ. घरवालों को खिलाना."

आता परवान्याची कागदपत्रं जमवते आहे. डोळे मिटले की अजून ते धुकं दिसतं, पण त्यापलीकडे आता खरं दुकान आहे. घरी आल्यावर ते पाकीट आईपुढे ठेवलं. तिनं एक दाणा तोंडात टाकला, मग आणखी एक. इतकी वर्षं आम्ही चाळणीखाली उरलेलंच खात आलो.

"आपला असा लागतो होय गं?" ती म्हणाली.