वहिनींचं पोतं आणि डांबर सर

आमच्या तलासरीच्या शाळेतले चित्रकलेचे सर कुठलीही वस्तू बघायच्या आधी चाचपून घेत. मी हौसेनं नवी पर्स घेतली, तर तिच्यावर अंगठा फिरवून म्हणाले, "बाई, हे चामडं नाही. फसवलं तुम्हाला." माझा अख्खा दिवस वाईट गेला.

पोरं त्यांना डांबर सर म्हणत. महायुद्धानंतरच्या युरोपातल्या चित्रकारांचं त्यांना वेड. त्या लोकांनी म्हणे रंग बाजूला ठेवले आणि वाळू, डांबर, फाटकी पोती, जळकं लाकूड असलं काहीबाही फळ्यांवर थापलं. त्यात ना झाड, ना माणूस. "ह्यात बघायचं काय, सर?" मी एकदा विचारलंच. "घरं पडलेली, माणसं गेलेली. हाताशी उरलं ते लावलं त्यांनी, बाई." मी विज्ञान शिकवते, माझं तोंड सहसा बंद होत नाही. त्या दिवशी झालं.

त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी, डहाणूजवळच्या वरोर गावच्या. डहाणूच्या बाजारात सुकट-बोंबील घेऊन बसायच्या. नवरा मास्तर आहे म्हणून त्यांनी धंदा सोडला नाही. "ह्यांच्या चित्रांनी कालवण होतंय का?" असं आमच्यादेखत विचारायच्या आणि सर खूश होऊन हसायचे. वहिनी गेल्या तेव्हा घरच्यांनी त्यांच्या साड्या वाटून टाकल्या. त्या बाजारात ज्याच्यावर बसायच्या ते पोतं मात्र सरांनी कुणाला दिलं नाही. कडांना खरखरीत, मधोमध बसून बसून गुळगुळीत झालेलं.

तेच त्यांनी प्लायवूडवर होडीला फासायच्या डांबरात बसवलं. डहाणूच्या प्रदर्शनात चित्र निवडलं गेलं, सरांचं आयुष्यातलं पहिलंच. "सर, डांबर वाळत नाही, नुसतं थंड होतं. मे महिना आहे," मी बजावलं होतं. ऐकतील तर शपथ.

हॉलला पत्र्याचं छप्पर. दुपारी पोत्याची वरची कड बोटभर खाली आली. पाहुणे चारला येणार होते. सर म्हणाले, "बाई, धरा." आम्ही चित्र उतरवून उलटं टांगलं. थोड्या वेळानं पोतं उलटीकडे सरकायला लागलं. पुन्हा फिरवलं. प्रदर्शन बघायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, आता चित्र जास्त बोलतंय. मला हसू फुटलं, पण सरांकडे बघितलं आणि विरलं. दोन्ही तळवे पोत्यावर दाबून ते उभे होते, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

प्रदर्शनाचे संयोजक हातोडी घेऊन आले. "चार खिळे मारू सर, विषय संपला."

"तिला खिळे नाही मारायचे," सर म्हणाले.

संयोजक माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार, कपाळ. चित्र तसंच ठेवावं तर पोतं गळून पडणार, काढावं तर फाटणार, आणि बाहेर पाहुण्यांची गाडी आलेली. सरांनी एक कोपरा धरला आणि पोतं सोलायला सुरुवात केली. धागे तुटताना ऐकू येत होते. मधला विरलेला भाग आला तेव्हा मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा पोतं अख्खं त्यांच्या हातात होतं. घडी करून काखेत धरलं आणि मागच्या दारानं गेले.

पाहुण्यांनी नुसती फळी पाहिली. डांबरात पोत्याची वीण उमटली होती, मधे बसक्या जागेचा ठसा. त्यांना ती फारच आवडली.

सर रिटायर होऊन वरोरला राहायला गेले. जाताना फळी माझ्याकडे ठेवली. "मला पोतं पुरे," म्हणाले. दर उन्हाळ्यात डांबर मऊ होतं आणि ठसा थोडा पुसतो. ह्या मे महिन्यात फळीवर काहीच उरलं नाही. मला खूप वाईट वाटलं. न राहवून फोन केला. "सर, वहिनींचा ठसा गेला."

सर म्हणाले, "बाई, पोत्यालाही आता डांबराचाच वास येतो. तिचा नाही येत."

 जेवलात का, एवढंच मी विचारलं.