टाकीवर चादर टाकणार नाही

महापालिकेचे पाणीपुरवठ्याचे साहेब पाहणीला येणार होते, त्याच्या आधीच्या आठवड्यात काका मला म्हणाले, "तेवढी ती माशांची टाकी झाकून ठेव. एखादी चादर टाक. साहेब गेले की काढ."

काका म्हणजे आमच्या वस्तीतल्या पाणी समितीचे सगळ्यात जुने कार्यकर्ते. पत्रक कसं लिहायचं ते मी त्यांच्याकडूनच शिकले. टाकी होती विहारामागच्या अभ्यासिकेत, आणि समितीच्या बैठकाही तिथंच व्हायच्या. मी म्हटलं, "नाही टाकणार." काका चष्मा काढून पुसायला लागले. त्यांनी चष्मा पुसणं म्हणजे आमच्या समितीत निषेधाचा ठराव.

दुष्काळाची वर्षं होती. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही येईलच असं नाही. आणि त्याच वर्षांत चिकलठाण्याकडं जालना रोडच्या दोन्ही अंगांना इमारती उगवत होत्या, प्रत्येकीच्या फलकावर निळंशार पाणी. पोहायचा तलाव, कारंजं. तिथं चादर टाका असं कुणी म्हणालं नाही. झाकायचं ते आम्ही. का, तर ज्याला पाणी मागायचंय त्यानं तहानलेलंच दिसलं पाहिजे. ओठ सुकलेले, हंडा रिकामा, मागं पोपडे आलेली भिंत. फोटो चांगला येतो म्हणे. त्या फोटोत उभं राहायचा मला लहानपणापासून वैताग आहे.

टाकी एका दवाखान्यानं नव्या जागेत जाताना टाकून दिलेली. एक कोपरा गळत होता, तो मी सिलिकॉन भरून बंद केला. अभ्यासिकेतल्या पोरापोरींना आत किल्ला हवा होता, रंगीत खडे हवे होते. गुलमंडीच्या पुढचा मासेवाला तर माझ्यावर नाराजच झाला. "अरे बाजी, इत्ती खाली टाकी? वो खिलौने का गोताखोर डालो ना, बुलबुले छोड़ता. नुसते पत्थर को कौन देखता?"

"मैं देखती ना," मी म्हटलं.

काकांचा पत्रकाचा नियम एकच: एक कागद, एक मागणी, बाकी कागद कोरा सोड. माणूस कोरी जागा बघून वाचायला थांबतो. मी टाकी त्याच नियमानं लावली.

दगड चिकलठाण्याच्या एका बांधकामावरचे. पायासाठी सुरुंग लावून काळा पाषाण फोडला होता, त्याचा ढीग रस्त्यापर्यंत आला होता. आणलेल्या प्रत्येक दगडावर लिंबू पिळून बघितलं. फेस आला की त्यात चुना आहे, आणि तो पाणी जड करतो. आमचं पाणी आधीच इतकं जड की त्यात डाळ शिजत नाही. सगळ्यात देखणा दगड, पांढऱ्या शिरांचा, नेमका तोच फेसाळला. तो अभ्यासिकेच्या दाराला लावला. दार आपटायचं तरी थांबलं.

उरले तीन. मोठा मधोमध ठेवला की टाकीचं देवघर व्हायचं. म्हणून तो डावीकडं सरकवला आणि जरा कलता केला, जोराच्या पाण्याला खांदा लावून उभा असल्यासारखा. दुसरा त्याच्या पायाशी, त्याच बाजूला कललेला. तिसरा लांब, अर्धा वाळूत पुरलेला. तिघांच्या अंगावरच्या रेघा एकाच दिशेनं गेल्या पाहिजेत, नाहीतर दगड कुणीतरी आणून मांडलेत हे लगेच कळतं. किती संध्याकाळी मी ते बोटभर इकडं, बोटभर तिकडं करत घालवल्या. आई म्हणाली, "स्थळं बघताना एवढं बघितलं असतंस तर आतापावेतो नांदत असतीस."

दगडांच्या पायाशी केसासारखं बारीक गवत लावलं. धरणाचं पाणी मागं हटलं होतं, तिथल्या ओल्या काठावर ते मिळालं. उजवी बाजू पूर्ण मोकळी सोडली. ती माशांची. मासे एकाच जातीचे, झेब्रा. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळ्या रेघा. ते थव्यानंच राहतात. कुणी बाक सरकवला की सगळे एकदम वळतात. बघणारे म्हणायचे, अगदी मोर्चा. मोर्चा असा वळत नाही. मोर्च्यातले अर्धे चहाला थांबलेले असतात.

राहिलं पाणी. मासेवाल्यानं बजावलं होतं की नळाचं ताजं पाणी घालू नका, त्यात औषध असतं, मासे मरतात. भरून दोन-तीन दिवस उघडं ठेवा. आमच्या शहरात पाणी शिळं करायला वेगळे कष्ट लागत नाहीत. वर आमच्याकडची रीत अशी, की नळ आला की ड्रममध्ये उरलेलं शिळं पाणी आधी गटारात जातं. आठवडाभर तांब्यातांब्यानं जपलेलं पाणी, पण नळात हवेचा सूं आवाज आला की गल्लीभर ड्रम पालथे. तेवढ्या वेळात मी बादली घेऊन दारोदार फिरायचे. टाकीतलं थोडं पाणी काढायचं, तेवढं शिळं भरायचं. काढलेलं विहारापुढच्या कडुलिंबाला. माणसाच्या तोंडचा एक घोट त्यात गेला नाही. हे मी समितीत ठणकावून सांगितलं.

काका म्हणाले, "खरं आहे तुझं. पण फोटोत शिळं पाणी शिळं दिसत नाही."

गल्लीच्या कोपऱ्यावर एक मावशी राहायची. मूळची फुलंब्रीकडची. घरची मेंढरं होती. पाणी तुटल्यावर कळप विकला आणि सगळी शहरात बांधकामाच्या कामावर आली. माझ्या बादलीत शिळं पाणी ओतताना ती दर वेळी चार शब्द सुनवायची.

"लई चिकट हायेस तू. जीव पाळायचे आन् त्यांला शिळं पाजायचं. आमच्यात मेंढरं पाणी प्याल्याबिगर माणूस तांब्याला हात लावत नाय."

"मावशी, त्यांना शिळंच लागतं."

"व्हय का. तुला रोज शिळी भाकर घालते, मग सांग काय लागतं ते."

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी नळ आला. मी पत्रकं आणायला छापखान्यात गेले होते, त्यामुळं त्या दिवशी बादली घेऊन फिरले नाही. परत आले तर टाकी काठोकाठ भरलेली. मासे वर येऊन तोंडं उघडत होते, काही उलटे तरंगत होते. मावशी बाकावर बसलेली, शेजारी रिकामी कळशी.

"तू आली नायस म्हणून मीच पाजलं," ती म्हणाली. "पहिल्या धारेचं हाय." मग टाकीकडं बघून, "पर हे असं काय करायलेत?"

मी ओरडणार होते. तेवढ्यात त्या कळशीकडं लक्ष गेलं. पहिल्या धारेच्या कळशीसाठी आमच्या गल्लीत सख्ख्या जावा एकमेकींच्या झिंज्या धरतात. ती कळशी हिनं डोक्यावरून आणून, कुणी मागितलेली नसताना, माशांना घातली होती. आमच्या पत्रकांत हिला आम्ही 'तहानलेली जनता' म्हणतो. तहान सोडून तिच्यात दुसरं काही असेल, ही शंका आमच्या एकाही पत्रकाला आलेली नाही.

मी तिला औषधाचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी ते औषध आम्ही पितो?"

"आपल्याला काही होत नाही त्यानं."

"मग शिळं आण की लवकर. बसलीस काय."

आता शिळं कुठून आणायचं? सगळ्या गल्लीत ताज्या पाण्याचे ड्रम तुडुंब, आणि शिळं बादलीभरही नाही. ओतायचं ते सगळ्यांनी सकाळीच ओतलं होतं. एकट्या काकांकडं होतं. काका जुनं पाणी संपल्याशिवाय नव्याला हात लावत नाहीत, वस्ती त्यांना ह्यावरून हसते. मी सांगितलं तसे ते उठले आणि बादल्या स्वतः उचलून आणायला लागले. निम्म्याहून जास्त पाणी काढलं, काकांचं भरलं. संध्याकाळपर्यंत जगायचे ते सरळ पोहायला लागले. मेलेले मावशीनं कडुलिंबाच्या बुडाशी पुरले.

काका शर्टाला हात पुसत म्हणाले, "आता तरी चादर टाक."

"आता तर नाहीच."

साहेब आले. त्यांच्यासोबत माणसं आणि एक फोटोवाला. काकांनी निवेदन वाचलं, साहेबांनी मान हलवली, आणि निघताना टाकीपाशी थांबले. "छान आहे. टंचाई काही दिसत नाही इथं." सोबतची माणसं हसली. काका चष्मा पुसायला लागले.

मी म्हटलं, "साहेब, हे लोकांनी ओतून द्यायच्या पाण्यावर चाललंय. पण समजा चांगल्या पाण्यावर चाललं असतं, तरी मी झाकलं नसतं. आम्हाला पाणी प्यायला पाहिजे, अंघोळीला पाहिजे, आणि बघायलाही पाहिजे."

"बघायला?"

"व्हय. बघायला."

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. पुढं टाकी, मागं मी, तोंड उघडं. मथळा टोमण्याचा. नळाचा दिवस काही बदलला नाही. समितीची बैठक बसली आणि काकांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "टाकी घरी ने. नाहीतर पत्रक दुसरं कुणी लिहील." पुढच्या पत्रकाची ओळही ठरली होती: किमान पिण्यापुरतं पाणी द्या.

मी म्हटलं, टाकी इथंच राहणार, अभ्यासिका सगळ्यांची आहे. आणि किमान हा शब्द मी लिहिणार नाही. इमारतवाल्यांना कुणी किमान विचारलं का? काकांनी पत्रक काढून घेतलं, दुसऱ्या एकाला दिलं. टाकी उचलायला मात्र कुणी उठलं नाही.

मग मी माझं स्वतःचं पत्रक काढलं. एक कागद, एक मागणी: पुरेसं पाणी. बाकी कागद कोरा. समितीची मंडळी रस्त्याच्या त्या बाजूनं आपली पत्रकं वाटत होती, मी ह्या बाजूनं. मावशीच्या दारात गेले तर ती म्हणाली, "वाचून दाव." मी वाचलं. दोन ओळींत संपलं.

"आन् मासे?"

"मासे कशाला त्यात? लोक हसतात."

मावशी भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "साहेबाम्होरं टाकी झाकली नायस, आन् हितं झाकायलीस. भ्यालीस व्हय?"

उरलेला गठ्ठा मी काखेत मारला आणि छापखान्याकडं वळले.