माइक, चार बोटं बाजूला

गिटारच्या स्पीकरच्या पेटीसमोर माइक ठेवायच्या आधी जॉबरकाका तिची तपासणी करायचे. गुडघे टेकून बसायचे, पेटीच्या तोंडावरच्या राखाडी कापडावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मला म्हणायचे, "वाजव." मी एक तार छेडायची. "आनखी." आणखी एक. पेटीला खोकून दाखवायला सांगायचं तेवढं ते बाकी ठेवायचे. मग खिशातून शिंप्याचा चपटा खडू काढून कापडावर फुली मारायचे, माइकचं तोंड त्या फुलीला जवळजवळ चिकटवायचे आणि उठून सगळ्यांकडे अशा नजरेनं पाहायचे, की टाळ्या वाजवायला आता हरकत नाही. फुली दर वेळी एकाच जागी पडायची, बरोबर मधोमध. मग त्यासाठी एवढी तपासणी कशाला, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. माझी तर नव्हतीच.

भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या इक्बालभाईंच्या सोळा लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारे. खरं नाव पगाराच्या दिवशीच लागत असावं. बाकी वेळ सगळं गाव त्यांना जॉबर म्हणायचं. इक्बालभाई अॅकॉर्डियन वाजवत, आणि आमचा ऑर्केस्ट्राही त्यांचाच. लूम अडला तर ज्याला हाक मारायची, त्यालाच भोंगा अडला तरी हाक मारायची, एवढा सोपा हिशेब करून त्यांनी माइक, भोंगे, वायरी आणि तापायला पाच मिनिटं घेणारा व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर जॉबरकाकांच्या ताब्यात दिला होता. शुक्रवारी कारखाना बंद असे. तेव्हा दोन लूमच्या मधल्या बोळात आमची तालीम व्हायची. माइकच्या जाळीवर कापसाची पिंज बसे, लूम साफ करायच्या ब्रशानंच काका ती झटकायचे आणि म्हणायचे, "मशीन ती मशीन."

माझी तिथे वर्णी लागली ती आधीचा गिटारवाला बहारीनला नोकरीला गेला म्हणून. मी कल्याणला कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या एका सिस्टरनं मला गिटार शिकवली आणि वर्गात मराठी बोललं की बाकावर उभं करून मराठी विसरायलाही शिकवलं. परिणाम असा झाला, की मला मराठीत भांडता येत नव्हतं, आणि इंग्रजीत भांडायला भिवंडीत कुणी नव्हतं. ऑर्केस्ट्रात मी मान खाली घालून वाजवायची आणि मान खाली घालूनच घरी जायची. माझ्या या गुणाचं जॉबरकाकांना फार कौतुक होतं. "पोरगी चांगली हाय," ते इक्बालभाईंना सांगायचे, "काय बोलत न्हाय."

पेटी म्हणजे गिटारच्या स्पीकरचं लाकडी खोकं. त्याचा आवाज पहिल्या चार रांगांपुढे जात नसे, म्हणून त्याच्यासमोर माइक ठेवून तो बांबूवर बांधलेल्या भोंग्यांतून सोडावा लागे. हा माइक कुठे ठेवायचा यावर काकांचं स्वतःचं शास्त्र होतं. "पेटीला नाक असतं," ते ढोलकवाल्याला समजावत. ढोलकवाल्यानं काही विचारलेलं नसे. "मानूस श्वास कुठून सोडतो? नाकातून. मंग पेटी आवाज कुठून सोडनार? माइक नाकासमोर धरायचा. कानानं न्हाय कळत हे. हातानं बघावं लागतं." नाकातून गाणाऱ्या माणसाचं गाणं आपण ऐकतो का, असं माझ्या अगदी ओठावर यायचं. ओठावर येऊन परत जाण्याची माझ्या वाक्यांना सवयच होती.

त्या नाकातून जे बाहेर पडायचं ते मी रंगमंचावर बसून भोंग्यांतून ऐकत असे. पेटीच्या शेजारी बसलेल्या मला माझी गिटार गोड ऐकू यायची आणि मैदानावर तीच पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी पोचायची. लोक गायिकेचं कौतुक करत, अॅकॉर्डियनचं करत, आणि माझ्याकडे पाहून कानात बोट घालत. एका कार्यक्रमानंतर आमच्या शेजारच्या बाईंनी आईला विचारलं, "अहो, तुमची मुलगी नक्की गिटारच वाजवते ना? आमच्या यांना वाटलं करवत आहे." माझे वडील पोस्टात होते. त्यांना लोकांची पत्रं चालत, लोकांची बोलणी चालत नसत. जेवताना ताटाकडे बघत ते म्हणाले, "पुढचा पडघ्याचा कार्यक्रम कर. मी येऊन ऐकतो. तिथेही लोकांनी असंच म्हटलं, तर इक्बालभाईंची गिटार त्यांना परत. मग टायपिंगच्या क्लासला जा."

टायपिंगच्या क्लासला माझी हरकत नव्हती. तिथेही मान खालीच घालायची असते. पण गिटार गेली असती तर माझ्याकडे आवाज म्हणावा असं काहीच उरलं नसतं. पेटी आमच्याच घरी असायची. दुपारी आई झोपली की मी एका हातानं तार छेडायची आणि पेटीच्या तोंडावरून कान हळूहळू सरकवायची. मधोमध सुई टोचायची. तिथून बाजूला सरकलं, की सुई बोथट व्हायची, आणि चार बोटांवर तार चक्क तारेसारखी वाजायची. आणखी पुढे काठाला गेलं की गोधडीत गुंडाळल्यासारखी. चार बोटं. एवढंच अंतर होतं माझ्यात आणि करवतीत. पण हे काकांना सांगणार कोण? "माइकला हात लावायचा न्हाय," हा त्यांचा दंडक होता, "बाईमानसानं तर मुळीच न्हाय. करंट असतो." करंटला बाईमाणूस ओळखू येतं, हे मला विज्ञानात शिकवलेलं नव्हतं.

पडघ्याच्या आदल्या आठवड्यात काका पेटीची सैल झालेली वायर जोडायला घरी आले. ते पेटीत डोकं घालून बसले होते. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी दचकले, ते दचकले नाहीत. दुसरी झाली, तिसरी झाली. ही वस्तू जगात असल्याचा काही पुरावा त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. मी मागून म्हटलं, "काका, चहा." उत्तर नाही. मग डोकं बाहेर काढून त्यांनी समोर पाहिलं. तिथे दारात उभं राहून आई माझ्याकडे बघत, आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून म्हणत होती, "हा माणूस चहा किती पितो गं?"

"दोनच कप झाले, वैनी," काका म्हणाले.

आई आत पळाली. मी मात्र तिथेच उभी राहिले, कारण मला सगळं एकदम कळलं होतं. सोळा लूम चालू असताना कारखान्यात कोण कुणाचं ऐकतं? तिथे सगळे ओठ वाचतात, हातानं बोलतात: दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला, तळहात आडवा फिरवला की चालू दे. काकांनी त्यात बावीस वर्षं काढली होती. बारीक, टोकदार आवाज लूमनं त्यांच्या कानातून जवळजवळ पुसून टाकले होते. आमच्या गिटारचा जो आवाज मैदानाला कापायचा, तोच काय तो त्यांच्यापर्यंत जेमतेम पोचायचा. मधोमध माइक धरला, की त्यांना गिटार ऐकू यायची. माइक बाजूला सरकवला असता, तर त्यांच्या लेखी ती मेलीच असती. आणि या माणसाच्या हातात आमच्या ऑर्केस्ट्राचा सगळा आवाज होता. भिवंडीत दुसरं कुणी हे काम करायला मिळालं नसतं असं नाही. कुणाला ते शोधायचं सुचलं नव्हतं, इतकंच.

हे मी इक्बालभाईंना सांगू शकले असते. त्यांनी दुसरा माणूस पाहिला असता, काका शुक्रवारी घरी बसले असते आणि माझी गिटार वाचली असती. का सांगितलं नाही? दया आली, असं लिहिलं तर छान दिसेल. खरं म्हणजे सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.

पडघ्याला बाजाराच्या मैदानात, व्यायामशाळेच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम होता. संध्याकाळी लाईटचा भरवसा नसे म्हणून तो दुपारी चारलाच ठेवला होता. हायवेवरचे ट्रक जाता जाता हॉर्न वाजवून दाद देत होते. वडील तिसऱ्या रांगेत, छत्री दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून, रजिस्टर पार्सल तपासायच्या चेहऱ्यानं बसले होते. काकांनी तपासणी केली, फुली मारली, माइक नाकाला लावला आणि व्यायामशाळेच्या पोरांना आपलं शास्त्र सांगत चहाला गेले. मी आयुष्यात पहिल्यांदा माइकला हात लावला. करंट बसला नाही. स्टँड उचलून चार बोटं बाजूला सरकवला आणि जागेवर येऊन मान खाली घातली.

पहिलं गाणं सुरू झालं. भोंग्यांतून माझीच गिटार आली, आणि मला ती क्षणभर ओळखूच आली नाही. पण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, अॅम्प्लिफायरच्या टेबलापाशी, काका बटणं पिळत होते. त्यांनी मला कात्री दाखवली: धागा तुटला! मी मान खाली घातली. त्यांनी टेबलावर हात आपटला, पुन्हा कात्री दाखवली आणि शेवटी वाकून, प्रेक्षकांना आपण दिसत नाही अशा समजुतीनं सगळ्या प्रेक्षकांच्या समोरून, ते रंगमंचाकडे निघाले. गायिका गात होती. काका पायऱ्या चढले, पेटीशी आले आणि सरकलेला माइक पाहून त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या लूमचा पट्टा कापला होता.

"कोनी हात लावला?" ते गाण्याच्या वर ओरडले. पहिल्या रांगेतली माणसं हसली. त्यांनी स्टँडला हात घातला.

मी वाजवत होते, हात मोकळा नव्हता. मी पाय पुढे टाकला आणि स्टँडच्या बुडावर ठेवला. मग मान वर केली आणि आवाज न काढता, आई बोलली होती तशी, नुसत्या ओठांनी त्यांच्याशी बोलले.

"काका, राहू द्या. मागे बघा."

ते जागच्या जागी थांबले. आपलं गुपित कुणाला तरी माहीत आहे, हे माणसाला कळतं तेव्हा तो कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं. परत पाहायची इच्छा नाही. मग त्यांनी मागे वळून लोकांकडे बघितलं. कानात बोट कुणाचंच नव्हतं. बायका डोलत होत्या. तिसऱ्या रांगेत एका छत्रीची मूठ ठेक्यात गुडघ्यावर आपटत होती. काका ती माणसं एकेक करून पाहत राहिले, सूत तपासतात तसे. मग त्यांनी स्टँडवरचा हात काढला, खिशातून ब्रश काढून माइकच्या जाळीवरची नसलेली पिंज झटकली आणि आपण त्यासाठीच आलो होतो अशा थाटात खाली उतरले. टेबलापाशी पोचल्यावर माझ्याकडे बघून त्यांनी तळहात आडवा फिरवला. चालू दे.

घरी जाताना वडील एसटीत फक्त एवढंच म्हणाले, "पेटी जड आहे. पुढच्या वेळी रिक्षा करू."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी पेटीसमोर गुडघे टेकले, तळहात ठेवला, डोळे मिटले आणि फुली मारली, मध्यापासून बरोबर चार बोटं बाजूला. "पेटीला गाल असतो," ते ढोलकवाल्याला म्हणाले. "नाकासमोर माइक धरतात ते अडानी. गालाला धरायचा. बावीस वरसांचा अनुभव हाय." ढोलकवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, या वेळी हसू लपवायला.

आणखी एक गोष्ट बदलली. प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या गाण्याला टेबलापाशी उभे राहून, शंभर माणसांच्या डोक्यांवरून, ते ओठांनी मला विचारायचे, "बरोबर?" आणि मी ओठांनीच सांगायची, "बरोबर." कधी "थोडं जास्त," कधी "गायिका कमी." त्यावर ते हसायचे. चार वर्षांत मी ऑर्केस्ट्रातल्या कुणाशी एवढं बोलले नसेन. आवाज काढायची सक्ती नसली तर मी बरीच बडबडी आहे, हे मला तेव्हा समजलं, आणि ते समजून घ्यायला भिवंडीत एकच माणूस होता.

मग मला नाशिकला नोकरी लागली आणि इक्बालभाईंनी लूम वाढवून अॅकॉर्डियन कमी केलं. मागच्या महिन्यात खारबावला काकांना भेटायला गेले. लूम सुटला आहे, कानही पुरता गेला आहे; सून ताट आपटून त्यांना जेवायला हाक मारते आणि मग चिडून समोर येऊन उभी राहते. मी अंगणात गेले तेव्हा चार शेजारी बसले होते. काकांनी मला ओळखलं आणि शेजाऱ्यांकडे वळून छाती फुगवली.

"ही आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची. पयल्यांदा करवत होती नुसती. माइक कुठं धरायचा ते मी शोधून काढलं, मंग कुठं लोकांनी आयकलं हिला." मग माझ्याकडे पाहिलं आणि ते एकदम थांबले. शेजाऱ्यांना दिसणार नाही अशा बेतानं, नुसत्या ओठांनी, त्यांनी विचारलं, "बरोबर?"

इतकी धडधडीत थाप मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. मला आता मराठीत बऱ्यापैकी भांडता येतं.

"बरोबर," मी म्हटलं. शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, आणि काकांना दिसावं म्हणून सावकाश.