धूर लागलेला सॉस

ईशा, अर्णव,

फोन आला तेव्हा मी चिंच कोळत होते. वन्संच्या मुलाचा फोन, मुरबाडहून. "मामी, आय गेली," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "अरे, पण उद्याच्या एस्टीनं येते, चिंच भिजवून ठेव, असं कालच म्हणाल्या ना त्या?" माणूस काय बोलतं अशा वेळी... हात बरबटलेले, फोन खांद्याने धरलेला. त्याला काही आठवडे झाले. तेव्हापासून शहापूरच्या या घरात मी नुसती उठते-बसते आहे. कपाट आवरायला घेते, अर्ध्यावर सोडते. अर्ध्यावर सोडणं माझ्या स्वभावात नाही, हे तुमच्या बाबाला विचारा.

वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, तुमची आत्याआजी. मी ठाण्यात इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यांचं आयुष्य मुरबाडजवळच्या भातशेतीत गेलेलं. मी नवी नवरी असताना त्यांनी गावभर सांगितलं होतं, "आमची वयनी मीठ मागतानाबी पिलीज म्हनते." आजोबा गेल्यावर मात्र त्याच पिशवी घेऊन माझ्याकडे यायच्या, चार-आठ दिवस राहायच्या, माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांना हसायच्या.

मागच्या सुट्टीत तुम्ही अमेरिकेहून आलात. वन्संनी शेगडीवर कोंबडी भाजली आणि अर्णवने बॅगेतून बार्बेक्यू सॉसची बाटली काढून तिच्यावर ओतली. आपल्या हातच्या कोंबडीवर कुणी बाहेरचं काही ओततंय, हे त्या बघतच राहिल्या. मग बोटाने चाटून म्हणाल्या, "गोड हाय, आंबट हाय... पन करपलंय की रे!" अर्णव हसून म्हणाला, "आत्याआजी, तो धूर आहे. त्याचीच तर मजा." तुम्ही परत गेलात आणि वन्संनी मनावर घेतलं. "पुढल्या टायमाला पोरांनी बाटली नाय आनायची. मी करनार."

आणि केला त्यांनी. टोमॅटो, कांदा, लसूण शिजवून, वाटून, गाळून घ्यायचा. त्यात काळपट गूळ, चिंचेचा कोळ, लाल तिखट, शेवटी थोडं व्हिनेगर, आणि दाट होईपर्यंत आटवायचं. रंग आला, चव आली. फक्त धूर त्या लावू देईनात. निखारा ठेवू या म्हटलं की भडकायच्या. आपल्याकडे 'धुरकट' ही चव नाही, तो ठपका आहे. लग्न होऊन त्या सासरी गेल्या तेव्हा ओल्या लाकडांनी त्यांचा भात धुरकटला. सासूने पाहुण्यांदेखत टोप अंगणात नेऊन ठेवला, म्हणाली, "कुत्र्यांना घाला. सुनेनं धूर रांधलाय." त्यानंतर वन्संनी ओलं लाकूड चुलीजवळ फिरकू दिलं नाही. "आख्खा जलम धूर लागू दिला नाय, नि आता म्हातारपनी मुद्दाम लावू?"

मग व्हिडिओ कॉलवर ईशाने विचारलं, "धुराचा वास येतो? नाही? मग ते केचप झालं ना, आत्याआजी." झालं! त्या दिवशी वन्सं माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू मीच ते म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आपणहून स्वयंपाकघरात आल्या. "निखारा हाय का गो वयनी?"

टोपात सॉसवर एक वाटी तरंगती ठेवली, वाटीत निखारा, त्यावर तुपाचा थेंब, आणि वर झाकण. धूर सुटला तशी वन्संनी पदर नाकाला लावून तोंड भिंतीकडे फिरवलं. शेजारची खिडकीतून ओरडली, "आजी, कायतरी करपतंय तुमचं!" वन्सं तरातरा ओटीवर गेल्या. "करपत नाय गो बाय! मुद्दाम धूर देतेय! अमेरिकेला जायाचाय त्यो!" मी हसून हसून खाली बसले. आत येऊन त्यांनी बोट बुडवून चाटलं, पुन्हा बुडवलं... "बरं लागतंय की मेलं."

ओळखीचं कुणी तिकडे येत होतं, त्यांच्याबरोबर बरणी पाठवली. मग रोज एकच प्रश्न, "काय बोलली पोरं?" त्या गावी गेल्या तरी फोन करून तेच. बरणी तुमच्याकडे पोचली, पण तोवर त्या गेल्या होत्या.

काल तुमची आई म्हणाली, बरणी आत्याआजीच्या फोटोशेजारी ठेवली आहे, शेवटची आठवण म्हणून, उघडवत नाही. तिची माया कळते मला. पण तसं करू नका, बाळांनो. तो जेवताना ओतायचा सॉस आहे. चिकन भाजा, बरणी उघडा, बोटं चाटा. आणि खरं सांगा. केचप वाटला तर केचप म्हणा, धूर जास्त झाला तर तसं म्हणा. वाईट वाटायचं ते मी वाटून घेईन. पण कुणीतरी एकदा चव सांगा... माझं कशातच लक्ष लागत नाही.

वन्संना ऐकू कमी यायचं, म्हणून तुमचा फोन आला की मी स्पीकर लावून ओट्याजवळच्या स्टुलावर ठेवायचे, त्यांच्या बाजूला. अजूनही तसाच ठेवते. रविवारी फोन कराल, तेव्हा जरा मोठ्याने बोला.