काकांची लेन्स माझ्याकडे होती

जुन्या लेन्स आणि त्यांचे किस्से, दोन्ही घरात कधी साठतात ते कळत नाही. लेन्स निदान बायको मोजते. किस्से मीच मोजतो, आणि हल्ली मोजताना हसू जरा कमीच येतं.

आमची गँग तिघांची. मी मुलुंडचा, मिलिंद घाटकोपरचा, संध्या बोरिवलीची. कॅमेरे नवे, मिररलेस. लेन्स मात्र फिल्मच्या जमान्यातल्या. दोन्हींच्या मध्ये अॅडाप्टर नावाची धातूची कडी लावायची आणि फोकस हाताने फिरवून जुळवायचा. हे वेड लावलं मढच्या डॉमनिककाकांनी. गावातली लग्नं, बाप्तिस्मे, सगळं त्यांनी चाळीस वर्षं एकाच लेन्सने काढलं. "हातानं फोकस करनारा मानूस समोरच्याला नीट बघतो," म्हणायचे.

*

एका रविवारी काकांनी तीच लेन्स माझ्या हातात ठेवली. आत बुरशी. मुंबईच्या दमट हवेत हे होतंच.

"शिरीष, साफ करून आन. डॉक्टर बोलला, डोळे जास्त दिवस नाय चालनार. त्याच्या आधी फिलूचा एक फोटो काढायचाय. याच लेन्सनी!"

फिलू म्हणजे फिलोमिना आंटी. त्या आतून ओरडल्या, "आख्ख्या गावाचे काढले, बायकोचाच राहिला!"

घाटकोपरच्या कारागिराने पंधरा दिवसांत लेन्स लख्ख करून दिली. म्हटलं, परत देण्याआधी एकदा लावून बघू. तिथेच वाट लागली! त्या लेन्समधून आमच्या सोसायटीचा जिनासुद्धा देखणा दिसायचा. काकांचा फोन आला.

"अजून झाली नाही, काका," मी म्हणालो. इतकं सहज खोटं मी बॉसशीही बोललो नव्हतो.

*

त्याच दिवसांत मिलिंदने एक लेन्स मिळवली, काच चहासारखी पिवळी. काही जुन्या काचांमध्ये थोरियम असतं, वर्षं गेली की पिवळेपणा चढतो, आणि उन्हात ठेवली की उतरतो. मिलिंद ट्रॉम्बेला अणुकेंद्रात नोकरीला. त्याने लेन्स खिडकीत ठेवली, आईच्या लोणच्याच्या बरणीला चिकटून. थोरियम किरणोत्सर्गी असतं, हे सुनेने सासूला मोबाईलवरून वाचून दाखवलं.

"दिवसभर ऑफिसात तेच ना रे? मग घरी कशाला ओव्हरटाइम?" आई कडाडली.

लोणचं कचऱ्यात गेलं, लेन्स राहिली. मिलिंद अजून हळहळतो, लोणच्यासाठी.

*

संध्याच्या बाबांचा निरोप समारंभ. तिच्याकडे दोन लेन्स, एकीची फोकसची रिंग डावीकडे फिरते, दुसरीची उजवीकडे. बाबांच्या गळ्यात हार पडला त्या क्षणी ही नेमकी उलटं फिरवत राहिली. बाबा धूसर, मागचा उभा पंखा कडक शार्प!

बाबांनी फोटो निरखून बघितला. "पंखा पण रिटायर झाला का गं?"

सगळे पोट धरून हसले. संध्या बाथरूममध्ये जाऊन रडली, ते तिने आम्हाला फार नंतर सांगितलं.

*

भांडुपच्या खाडीवर सकाळी फ्लेमिंगोंचा थवाच्या थवा उठला. माझ्या कॅमेऱ्यावर काकांची लेन्स. बटण दाबलं तर स्क्रीनवर मेसेज: लेन्स लावलेली नाही!

"अरे, मग हा काय दुधी आहे?" मी ओरडलो.

जुनी लेन्स कॅमेऱ्याला कळत नाही, 'लेन्स नसली तरी फोटो काढ' असं सेटिंग करून ठेवावं लागतं. ते मी आदल्या दिवशी उडवलं होतं. सापडेपर्यंत आकाश रिकामं.

"दुसऱ्याची लेन्स ना," संध्या म्हणाली, "कॅमेऱ्याला पण पटलं नाही!"

मी हसलो. घरी येऊन लेन्स डब्यात भरली. तरी मढला जायला आणखी दोन महिने घेतले. कुठल्या तोंडाने जायचं, या विचारातच ते गेले. त्याची लाज मला आजही वाटते.

*

गेलो तेव्हा काकांना फक्त उजेड आणि सावली कळत होती. मी काहीतरी कारणं सांगायला लागलो.

"कॅमेऱ्याला लाव," एवढंच म्हणाले.

आंटी ओट्यावर खुर्चीत बसल्या. फोकस जुळला की स्क्रीनवर त्या जागी लाल कडा उमटते, पण काकांना ती कुठली दिसायला! त्यांनी कॅमेरा गळ्यात घातला, आंटीच्या खांद्याला हात लावला, मोजून चार पावलं मागे आले, रिंग टोकापर्यंत नेली आणि बोटांच्या अंदाजाने परत फिरवली. क्लिक.

कॅमेरा माझ्या हातात आला. आंटी उठून माझ्या खांद्यावरून बघायला लागल्या. केसांतली क्लिप, हनुवटीवरचा तीळ, पापणी न् पापणी शार्प. फक्त डोळे मिटलेले होते, आणि गाल ओले.

"शार्प हाय?" काकांनी विचारलं.

"एकदम, काका."

"आनि डोळे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आंटी बोलल्या, "उघडे हायत रे. तुझ्याकडंच बघते मी."