आडनाव न लिहिणारे रक्तदाते

चिन्मय, सई, आमच्या चारकोपच्या रक्तदात्यांची वेबसाइट अजून जुन्याच साधनावर का चालते, असं तुम्ही परवा फोनवर हसत विचारलंत, म्हणून ती सांभाळणाऱ्या माणसाबद्दल लिहिते.

तो अंधेरीच्या एका ऑफिसात नोकरी करतो आणि रविवारी आमचं काम करून देतो. काहीही विचारा, आधी चष्मा पुसतो, मग म्हणतो, "बघू या ना." वेबसाइट आणि दात्यांची यादी साठवणारा डेटाबेस यांच्यामध्ये दुभाष्यासारखं एक साधन असतं. ते बदलायचं का, यावर त्याने महिनाभर चष्मा पुसला. आमच्या रक्तदाता गटाचा सेक्रेटरी वैतागला. "यार, सगळे नवीन वापरतात, तू कसला मुहूर्त बघतोयस?"

शेवटी त्याने यादीची नक्कल केली, तिला नवीन साधन लावलं आणि मी दात्यांची नावं लिहून ठेवते त्या वहीशी एकेक नाव ताडून पाहिलं. अकरा दाते गायब होते. त्यांनी आडनावाची जागा रिकामी ठेवली होती आणि नव्या मांडणीत ती रिकामी चालत नव्हती.

"मग घाल ना काहीतरी," सेक्रेटरी म्हणाला.

एरवी इतका सावकाश बोलणारा माणूस ताडकन म्हणाला, "आडनावावरून लोक जात काढतात, म्हणून त्यांनी ते सोडलंय रे. मी कोण घालणारा? नव्याला हे शिकवेपर्यंत जुनंच राहील."

मला टापटिपीची हौस. मी काहीतरी घातलं असतं, हे कबूल करते.

ते अकरा जण अजून यादीत आहेत, आणि रक्त लागलं की त्यांना फोन जातो.