गोड्या पाण्याकडे
काल ओव्हनमधून सॅल्मनचा तेलकट वास सुटला आणि आमचा मालवणकडचा वेल्डर आठवला. आखातात, अहमदीच्या आमच्या साइटवर बावीस वर्षं काँट्रॅक्टवर राबून तो काही वर्षांपूर्वी कायमचा गावी निघाला होता, म्हणून शेवटच्या शुक्रवारी मी त्याला आणि साइटवरच्या चार-पाच जणांना फिंतासला माझ्या घरी जेवायला बोलावलं. त्याला बोलावलं म्हणजे, सॅल्मन त्यानेच कापायचा आणि कालवणही त्यानेच करायचं. तिरफळं तो स्वतःच पुडीत बांधून घेऊन आला होता. ओट्याशी तो खवलं काढत होता, माझी मुलगी शाळेच्या प्रोजेक्टमधलं इंग्रजीत वाचत होती आणि मी त्याला मराठीत सांगत होतो, की हा मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो, शेवटी उलटा पोहत त्याच नदीत शिरतो, तिथे खाणं सोडतो आणि अंडी घालून झाली की मरतो. त्याची सुरी थांबली. "मगे साहेब, तो जाता कित्याक?" "ते आता तुम्हीच सांगा," मी म्हणालो आणि जमलेले पाहुणे खदखदून हसले. जेवताना त्याने मासा बाजूला सारला, नुसता भात आणि सोलकढी घेतली. "बघा, खाणं सोडलं!" मी ओरडलो. पुन्हा हशा. तोही हसला, आपलं ताट धुऊन पालथं घातलं आणि गेला. कालचं जेवण माझ्या रिटायरमेंटचं होतं, पुढच्या आठवड्यात मी नाशिकला कायमचा जातोय. मुलीने सगळ्यांसमोर माझ्या ताटात सॅल्मनचा तुकडा वाढला आणि विचारलं, "स्टिल ईटिंग, बाबा?" सगळे हसले. मीही हसलो आणि ताट धुवायला उठलो.